पहिलं बाळंतपण, माहेरचं

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. बेळगावजवळ मामाच्या गावी मी चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले. मग आई वारली आणि वडिलांनी मला स्वयंपाकासाठी बेंगळूरला परत आणलं. त्यानंतर माझं लिहिणं वाण्याच्या यादीपुरतंच राहिलं. या कागदांवर खोडाखोड फार झाली आहे, काही ठिकाणी ओळी वर चढल्या आहेत. तेवढं समजून घ्यावं.

ज्या नर्सिंग होममध्ये माझं बाळंतपण झालं, तिथल्या मंगला सिस्टरने मला फोन केला होता. ती म्हणाली, "अम्मा, तुझ्यासारखी एखादी येते तेव्हा मला काय बोलावं ते सुचत नाही. तू येऊन स्वल्प बोलशील का तिच्याशी?" मी नाही म्हटलं. मला परक्या माणसांसमोर बोलता येत नाही. बसमध्ये कंडक्टरला थांबवायला सांगायचं म्हटलं तरी जमत नाही, मग मी पुढच्या स्टॉपवर उतरून चालत मागे येते. पण घरात एकटी असताना लिहू शकते. सिस्टरला मराठी वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहिते. कधी कुणी मराठी बाई तिथे आली तर हे कागद तिच्या हातात देता येतील.

*

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी करतात आणि खर्चही माहेरचाच असतो. माझं माहेर म्हणजे माझा मोठा भाऊ, अण्णा. आईमागे वडीलही गेले. अण्णाचं लग्न झालेलं नाही. जे. पी. नगरात त्याचं फॉल-पिको आणि अल्टरेशनचं छोटं दुकान आहे, मागे एक खोली. मला तो अजून पुट्टी म्हणतो. इकडे लहान मुलीला पुट्टी म्हणतात.

आम्ही राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्याला. आमचे हे तिथल्या एका कारखान्यात लेथवर काम करतात. सातवा संपला तसा अण्णा मला न्यायला आला. माहेरी बाईमाणूस नाही म्हणून सासूबाईही सोबत आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. सासूला घेऊन माहेरपणाला गेलेली मी एकटीच असेन.

आत्यांचं आणि अण्णाचं दिवसभर चालायचं.

"तुमच्या घरात मीठ सापडत नाही," आत्या म्हणायच्या, "पण टाचण्या मात्र पावलोपावली सापडतात."

"मग अनवाणी फिरू नका ना आत्या. माझ्या घरात राजेलोकसुद्धा चप्पल घालून येतात."

मी हसले की बाळ हलायचं. मला तेव्हा वाटायचं, त्यालाही कळतं आहे.

नववा लागला. एका सकाळी मी उप्पिट खाल्लं आणि नेहमीसारखी वाट बघत बसले. खाल्ल्यावर ते हमखास लाथ मारायचं. त्या दिवशी काही नाही. मी आत्यांना सांगितलं. त्यांनी गूळपाणी दिलं, डाव्या कुशीवर झोपवलं, पोटाला हात लावून बघितलं. मग त्यांनी हात काढून घेतला आणि अण्णाला दुकानातून हाक मारली. "रिक्षा बोलाव," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरम्मा पोटावर मशीन फिरवत बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. एरवी त्या बोलत बोलत तपासायच्या. मग त्यांनी पडदा माझ्यापासून वळवला. आधी कन्नडमध्ये सांगितलं, मग हिंदीत, मग पुन्हा कन्नडमध्ये, हळू. मला पहिल्यांदाच कळलं होतं. मी बोलत नव्हते म्हणून त्यांना वाटलं, कळलं नाही.

बाळाचं हृदय थांबलं होतं. का थांबलं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. अजूनही कुणाला सांगता आलेलं नाही. तुम्हालाही कदाचित कुणी सांगणार नाही.

मी विचारलं, "मग आता पोट कापणार?"

त्या म्हणाल्या, नाही. कापण्याची गरज नाही, न कापलेलंच तुमच्या तब्येतीला बरं. गोळ्या देऊन कळा आणू.

मला वाटलं होतं की बाळ गेलं म्हणजे कळाही गेल्या. आता सगळं त्या लोकांनी करायचं, मी फक्त पडून राहायचं. जिवंत बाळाला जितक्या कळा लागतात तितक्याच याला लागतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण आणि कशाला? म्हणून मी सांगते. मला ते ऐकून जेवढी भीती वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती. कळा सोसायच्या आणि शेवटी काय, हा प्रश्न सारखा येत राहिला.

डॉक्टरम्मांनी माझा हात धरला. दुखणं कमी करायचे उपाय आहेत, म्हणाल्या. एक इंजेक्शन दंडात किंवा मांडीत देतात, त्याने गुंगी येते, दुखणं थोडं बोथट होतं. काही मोठ्या हॉस्पिटलात नाकातोंडाशी धरायचा गॅस असतो, तो इथे नाही. आणि तिसरं म्हणजे पाठीत सुई टोचून बारीक नळी ठेवतात आणि तिच्यातून औषध सोडतात. कमरेखालचं दुखणं जवळजवळ जातं, पण माणूस शुद्धीवर असतं. आधी रक्त तपासावं लागतं, ते ठीक असेल तरच देता येतं.

मग त्या म्हणाल्या, "एरवी आम्हाला औषध देताना बाळाचा विचार करावा लागतो. आज फक्त तुमचा करायचा आहे. हवं ते मागा."

ते त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं. पण मला वाटतं, बाळ गेलं हे मला त्या वाक्याला खरं वाटलं.

मी आयुष्यात फार काही मागितलेलं नाही. त्या दिवशी सिस्टरच्या कानाशी तोंड नेऊन मी म्हटलं, "मला पाठीतली सुई पाहिजे."

"सरी," ती म्हणाली. "मिळेल."

*

रक्त ठीक निघालं. गोळ्या सुरू झाल्या. हे पीण्याहून आले, रात्र तशीच गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी कळा आल्या. भूल देणारे डॉक्टर त्या नर्सिंग होमचे नव्हते, बोलावल्यावर यायचे. त्यांची फी वेगळी आणि आधी भरायची. अण्णाने साध्या बाळंतपणाचे पैसे जमवून ठेवले होते, ते अनामत म्हणून भरून झाले होते. ही फी कुणाच्याच हिशेबात नव्हती.

मी होते ती खोली काउंटरच्या अगदी मागे. दाराला पडदा. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. तुम्हाला सांगते, हे सगळं आधी ठरवून ठेवा. पैसे कोण भरणार, किती, कुठून, ते कळा येण्याआधी ठरवा. आमच्याकडे ते कळा आल्यावर ठरलं.

आत्या म्हणाल्या, "पाठीत सुई घेतली की जन्माची पाठ जाते. आणि आता हातात काय येणार आहे? त्याच्यासाठी एवढा खर्च?"

त्या वाईट नाहीत. त्याही रात्रभर बाकावर बसून होत्या. पण त्या तसं म्हणाल्या आणि मी ते ऐकलं.

हे म्हणाले, "खर्चाचं मी बघतो. आमच्या ओनरला सांगितलंय, पगारातून कापून घेतील. आत्ता फोनवर पैसे टाकतायत."

मला हायसं वाटलं. आता होईल, असं वाटलं.

तेवढ्यात अण्णा म्हणाला, "नाही दाजी. फोन ठेवा. पहिलं बाळंतपण माहेरचं. मी जावयाचे पैसे घेणार नाही."

"अण्णा, ही वेळ आहे का?"

"वेळ कुठलीही असू दे. आई असती तर तिने घेतले असते? मी दुकानाशेजारच्या सेठला विचारतो. अर्ध्या तासात आणतो."

"अर्धा तास ती तशीच राहणार?"

"तुम्ही मला कमी समजताय."

"मी कुठं कमी समजतोय?"

दोघंही हळू आवाजात बोलत होते, हॉस्पिटल आहे म्हणून. ते जास्त वाईट होतं. ओरडले असते तर कुणीतरी येऊन थांबवलं तरी असतं. मला एक कळ आली, गेली, दुसरी आली. मी पलंगाची दांडी धरली होती. हाक मारावी असं वाटत होतं, पण बाहेर परकी माणसं बसली होती. मला हाक मारता आली नाही.

मग हे म्हणाले, "अण्णा, पण आता हे बाळंतपण आहे का?"

अण्णा म्हणाला, "मग काय आहे?"

भूल देणारे डॉक्टर तोवर येऊन जिन्याशी उभे होते. त्यांना दुसऱ्या हॉस्पिटलात ऑपरेशन होतं. त्यांनी घड्याळ बघितलं, सिस्टरला काहीतरी सांगितलं आणि ते गेले. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त खाली मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

मंगला सिस्टर बाहेर गेली आणि दोघांवर तुटून पडली. "सुम्निरी! गप्प बसा दोघं पण! आत ती तडफडते आहे आणि तुम्ही मान-पान करताय? लग्न आहे का इथे? पैसे कोणी पण भरा, पण भरा!"

मग अण्णाचा आवाज आला, एकदम लहान झालेला. "दाजी, तुम्ही भरा. पण उसने. मी फेडीन. सगळे."

हे म्हणाले, "बरं." आणि पैसे भरले.

*

डॉक्टर परत यायला दुपार उलटली. मधल्या वेळात मला दंडात इंजेक्शन दिलं. त्याने झोप येत होती, पण कळ आली की जाग यायची, आणि जाग आली की क्षणभर आठवायचं नाही की काय झालं आहे. मग आठवायचं. प्रत्येक कळेला नव्याने आठवायचं. उलटी झाली. काही बायकांना ते इंजेक्शन चांगलं लागू पडतं, सिस्टर म्हणाली. मला नाही पडलं.

आत्या आत आल्या. माझ्या पायाशी बसून तळवे चोळत राहिल्या. मी एकदा मोठ्याने ओरडले, तेव्हा त्या उठून बाहेर गेल्या आणि मी त्यांना काउंटरवरच्या मुलीशी भांडताना ऐकलं. "अजून कसा आला नाही तुमचा सुईवाला? पैसे घेतलेत ना?"

सुईची भीती वाटत असेल तर सांगते. पलंगाच्या कडेला बसवतात, पाठ मांजरीसारखी वाकवायला सांगतात. सिस्टर समोर उभी राहिली, मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. पाठीला गार काहीतरी लावलं. आधी एक बारीक टोचणं, मग आत दाबल्यासारखं. कळ आली तरी हलायचं नाही, हेच कठीण. सिस्टर सारखी म्हणत होती, "झालं अम्मा, झालं, स्वल्प." मग पाठीवर चिकटपट्टी लावली. थोड्या वेळाने पाय जड झाले, जणू ओल्या गोणपाटात गुंडाळले आहेत. आणि पुढची कळ आली ती पोटावर नुसता हात दाबल्यासारखी.

दुखणं गेलं आणि मला रडू आलं. आदल्या दिवसापासून मी रडलेच नव्हते. दुखत असताना रडायला जागा नव्हती. म्हणून मी कुणालाही सांगेन की असलं बाळंतपण असेल तर दुखण्यावरचं औषध मागून घ्या. त्याने दुःख कमी होत नाही, पण दुःख करायला तुम्ही मोकळ्या राहता. मला ती सुई सकाळीच मिळायला हवी होती. ते मी अजून कुणाला म्हटलेलं नाही, इथे लिहिते.

संध्याकाळी मुलगी झाली.

मी शुद्धीवर होते, मला दिसत होतं. खोलीत आवाज नव्हता. बाळ झाल्यावर कान आपोआप वाट बघतात, ते थांबवता येत नाही.

आत्या म्हणाल्या, "तोंड बघू नको गं. मोह पडतो, मग सुटत नाही." सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी हात पुढे केले.

ती गरम होती. माझीच ऊब होती ती, हळूहळू गेली. डोक्यावर दाट केस. नखं वाढलेली. उजव्या कानाची पाळी दुमडलेली, अण्णाचीही तशीच आहे. अण्णाने मऊ मलमलीचं झबलं शिवलं होतं, शिवण बाहेरून घेतलेली, अंगाला टोचू नये म्हणून. ते मी तिला घातलं. अण्णा आत आला, त्याने तिच्या गळ्याची नाडी बांधली, सैल आहे का ते बोट घालून बघितलं. गिऱ्हाइकाचं बघतो तसं. मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ह्यांनी तिला बघितलं नाही. आत्यांनी बघू दिलं नाही. कापडात गुंडाळलेली तशीच ह्यांनी आणि अण्णाने नेली आणि माती दिली. आमच्यात बायका जात नाहीत. मी खिडकीतून रिक्षा वळेपर्यंत बघितलं.

*

अण्णाकडे घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी दूध आलं. हे पण कुणी सांगत नाही. अंग तापलं, छाती दगडासारखी झाली, शेजारचं कुणाचंही बाळ रडलं की ब्लाऊज भिजायचा. सिस्टरला फोन केला, तिने काय करायचं ते सांगितलं, थोड्या दिवसांनी ते आटलं. ते आटलं तेव्हा मी पुन्हा रडले.

पाठ दुखायची. आत्या म्हणायच्या, "मी सांगितलं होतं." डॉक्टरम्मा म्हणाल्या, सुईच्या जागी काही दिवस ठणकतं, बाकी पाठ गरोदरपणानेही दुखते. माझी पाठ काही आठवड्यांनी दुखायची थांबली. आता मी पाण्याचे कॅन उचलते.

आत्यांनी आणून ठेवलेला डिंक आणि आळीव डब्यात तसाच होता. तो काढावा की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. माझ्यासमोर तो डबा त्या नुसत्या इकडून तिकडे सरकवायच्या. एका सकाळी अण्णाने स्वतःच आळिवाची खीर केली. करपलेली. वाटी माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "खा. बाळंतीण आहेस." दुसऱ्या दिवसापासून खीर आत्यांनी केली.

सव्वा महिन्याने आम्ही पीण्याला परत आलो. ह्यांच्या पगारातून दर महिन्याला पैसे कापले जाऊ लागले. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अण्णा मेट्रोने यायला लागला. शर्टाच्या वरच्या खिशात पाकीट, त्यात जमतील तेवढे पैसे.

पहिल्यांदा हे म्हणाले, "अण्णा, राहू द्या ना. मी काय परका आहे?"

"परके नाही म्हणून तर आणले. परक्याचे मी बुडवले असते," अण्णा म्हणाला. हे हसले. ती गेल्यापासून पहिल्यांदा हसले.

एरवी आमच्या घरात तिचं नाव निघायचं नाही. नावच ठेवलं नव्हतं, निघणार काय. हे कामावरून येत, जेवत, फोन बघत झोपत. मी पलीकडे तोंड करून झोपे. पण तो येई त्या रविवारी, पैसे मोजून झाले की अण्णा चहा पिता पिता काहीतरी बोलायचा. झबल्याचं उरलेलं कापड अजून ठेवलंय, म्हणायचा. एकदा ह्यांनी खाली बघत विचारलं, "अण्णा, कुणासारखी होती?"

अण्णाने मान वळवून आपला उजवा कान दाखवला. "हे बघा. हे माझं. बाकी नाक-बिक तुमचं, त्यात माझा दोष नाही."

ह्यांनी त्या कानाकडे बराच वेळ बघितलं. त्या रात्री ते माझ्याकडे तोंड करून झोपले.

असे महिने गेले. गिऱ्हाईक कमी असलं तर अण्णा थोडेच आणायचा, सणाच्या दिवसांत जास्त. मी त्या रविवारची वाट बघायचे. उप्पिट करायचे, त्याला आवडतं म्हणून कोथिंबीर जास्त.

गेल्या रविवारी तो आला. पाकीट नेहमीपेक्षा पातळ होतं. हे पैसे मोजायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे शेवटचे. मी अण्णाला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. मला हे कसं मागावं ते कळत नव्हतं.

"अण्णा, शंभर रुपये मागे ठेव ना. पुढच्या महिन्यात दे."

"का गं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं. त्याचे डोळे भरले, पण त्याने मान हलवली.

"नको पुट्टी. तिच्या नावावर उधारी नको. मी तसाही येईन."

तो येईल, मला माहीत आहे. पण मग तो माझ्यासाठी येईल, तिच्यासाठी नाही.

आतून आत्यांनी विचारलं, "झाले का रे पुरे?" ह्यांनी शेवटची नोट खालच्या नोटांवर ठेवली आणि म्हणाले, "झाले." पैसे पूर्ण फिटले.